जावईबापूंचं ‘नको’

जावईबापूंना दुकानातून दूध आणायला दोन तास लागत. वाटेत भेटेल त्याच्याशी हात मिळवायचा, त्याच्या कुत्र्याची, गुडघ्याची, तुंबलेल्या गटाराची चौकशी करायची. इकडे त्यांची बायको मेधा मला फोन करी, “तुझ्याकडे आलेत का गं? चहा उकळून काढा झाला!” मूळचे फ्रेंच. मेधाशी लग्न करून न्यू जर्सीतल्या आमच्या गावात आले, म्हणून इथल्या सगळ्या मराठी मंडळींचे जावई. पुढे कौन्सिलवर निवडून आले, मेयर झाले, तरी आम्हाला ते जावईबापूच.

त्यांच्या प्रचाराचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. मी संध्याकाळभरात वीस दारं ठरवावीत, तर हे तिसऱ्याच घरात शिरून तिथल्या बाईंना कांद्याचं सूप शिकवत बसत.

“अहो, आपल्याला मतं मागायचीत!”

“सूप चांगलं झालं की मत मागावं लागत नाही,” ते शांतपणे सांगत.

संताप म्हणजे, असल्या प्रचारावर ते निवडूनही आले.

मराठी ते मेधाच्या आईकडून शिकले. स्टेशनपर्यंतचा फूटपाथ हा त्यांचा ध्यास, पण त्याला ते ‘माझी फूटपाथ’ म्हणत. मी सुधारायला गेले तर म्हणत, “तुमच्याकडे तीन लिंगं, आमच्याकडे दोन. थोडं चालवून घ्या.” सगळ्यांशी भांडून, कागद नाचवून त्यांनी तो निम्मा करून घेतला. उरलेल्या निम्म्यासाठी त्यांना दुसरी टर्म हवी होती, अगदी जीव टाकून हवी होती.

पक्षाच्या कमिटीची मीटिंग भरली. अध्यक्षबाईंनी विचारलं, “विल यू रन अगेन?”

जावईबापूंनी छातीवर हात ठेवला. “नो, नो. समबडी यंगर.”

“वी रिस्पेक्ट दॅट,” बाई म्हणाल्या. टाळ्या झाल्या आणि पाच मिनिटांत दुसरं नाव पक्कं झालं. मी टेबलाखालून त्यांना लाथा मारत होते. हे आपले हसतमुखाने वाट बघत बसलेले.

पार्किंग लॉटमध्ये त्यांचा चेहरा उतरला. “त्यांनी एकदाच विचारलं!”

“मग? तुम्ही नको म्हणालात ना!”

“आई म्हणाल्या होत्या, पहिल्यांदाच हो म्हणतो तो अधाशी. जावयाने दोनदा नको म्हणावं, तिसऱ्यांदा हो.”

“अहो, ते श्रीखंडाला! मेयरपदाला नाही!” मी चक्क किंचाळले. “आत्ता आत जा आणि सांगा, हवंय म्हणून.”

“मागून कसं घ्यायचं?” म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले. कपाळाला हात लावण्यापलीकडे मी काय करणार?

नव्या मेयरांनी फूटपाथ गुंडाळून ठेवला. वर्षभरात जावईबापूंनी घर विकलं आणि दोघं फ्रान्सला जायला निघाली. निरोप घ्यायला आली, तेव्हाही माझा राग गेला नव्हता. तरी म्हटलं, “राहा ना इथेच.”

“नको, आता पुरे झालं,” ते म्हणाले.

“बरं, तुमची मर्जी.”

मेधा गाडीत बसली. जावईबापू मात्र दारात उगीचच रेंगाळले. बुटाची बांधलेली नाडी त्यांनी सोडून पुन्हा बांधली, माझ्याकडे बघून हसले आणि गेले.

गाडी कोपऱ्यावर वळली, तेव्हा माझ्या लक्षात आलं, मीही एकदाच विचारलं होतं.