उकिडवी बसलेली बाई

कारापूरला आम्ही मागच्या खोलीत भाड्याने राहायचो. पुढे मालकांचं घर. त्या घराला सोपो होता, भिंतीतूनच बांधून काढलेला गुळगुळीत लाल बाक. एका दुपारी मी त्यावर बसले. सात वर्षांची असेन. जमीन तापली होती, पाय भाजत होते, म्हणून बसले. आई अंगण सारवत होती.

मालकीणबाईंनी जनेलाच्या गजांतून बघितलं. बाहेर आल्या. मला काही बोलल्या नाहीत. आईला म्हणाल्या, "चेडवाक सांग गो. घाट्यांनी सकयल बसपाचें."

मुलीला सांग, घाट्यांनी खाली बसायचं. घाटी म्हणजे आम्ही. चंदगडकडून घाट उतरून कामाला आलेले.

मग त्यांनी तांब्याभर पाणी आणून त्या जागेवर ओतलं. आईने शेणाचे हात धुतले आणि ती जागा पदराने पुसली. मी बसले होते ती. पुसून झाल्यावर माझा दंड धरून मला खाली घेतलं आणि पुन्हा सारवायला लागली.

अण्णा, माझे वडील, खाणीवर होते. खाणी बंद पडल्या, पण त्याच्या आधीच ती लाल धूळ त्यांच्या छातीत भरली होती. मी नववीत असताना ते गेले. त्यानंतर आई मिळेल त्या बांधकामावर जायला लागली. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, कालचे उरलेले उंडे पाव आमच्या दारात ठेवून जायचा. चहात बुडवले की दगडासारखे उंडेही खाता येतात. शाळेत मुली माझ्या बोलण्यावर हसायच्या. मी कोंकणी शिकले. घाटावरची बोली घरात ठेवली, चपलेसारखी दाराच्या आत.

साखळीला कॉलेज केलं. कॉम्प्युटरची पदवी. आमच्या दोन्ही घराण्यांत, आईच्या आणि अण्णांच्या, पदवी घेतलेली मी पहिली. हे मी मान वर करून सांगते. निकालाचा कागद आईपुढे धरला तर तिने हातात घेतला नाही. हात ओले आहेत म्हणाली.

पेडण्याच्या पठारावर तेव्हा मोठा रस्ता निघाला होता. दऱ्यांवरून पूल. आई आधीपासून तिथे होती, पाणी मारायला. नवी काँक्रीट स्लॅब पडली की तिच्यावर गोणपाट अंथरायचं आणि कित्येक दिवस ते ओलं ठेवायचं. स्लॅब वाळली तर फुटते. हे काम बायकांचं.

मला त्याच साइटवर नोकरी लागली. साइटच्या ऑफिसात, थंड कंटेनरमधे, खुर्चीवर. साइट नव्या पद्धतीची होती. रोलरला पडदा होता, जमीन कुठे दबली कुठे नाही ते रंगात दाखवायचा. ड्रोन रोज मोजणी करायचा. काँक्रीटच्या पोटात तारा घातलेल्या, आत किती ऊब आहे ते आम्हाला कंटेनरमधे बसून दिसायचं. पोटातली ऊब कळायची. वरची कातडी कुठे कोरडी पडली ते कळायचं नाही. त्यासाठी आई होती.

कामावर जायच्या आदल्या संध्याकाळी आई म्हणाली, "तिथं मला हाक मारू नको. मी बी मारत नाही तुला."

मी बरं म्हटलं. लगेच म्हटलं. थोडं थांबून म्हटलं असतं तर आज एवढं टोचलं नसतं.

कंपनीच्या अर्जात आईचा व्यवसाय विचारला होता. मी लिहिलं, गृहिणी. स्टाफला बस होती, लेबरला टेम्पो. आई टेम्पोतून जायची, मी बसमधून. वाटेत आमची बस त्या टेम्पोला मागे टाकायची आणि मी मोबाईलमधे बघायचे.

माझं काम सोपं होतं. साइटवर खांबाखांबांवर कॅमेरे लावलेले. त्यांना शिकवायचं होतं, काम करणारा माणूस कोणता आणि रिकामा कोणता. मला हजारो चित्रं दिली. साहेबांनी नियम सांगितला. उभा असेल, चालत असेल, वाकलेला असेल, तर काम. बसलेला असेल तर रिकामा. रिकाम्याभोवती लाल चौकट काढायची. साहेब शहरातले, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठे, कॅमेऱ्यांचा सगळा कारभार त्यांच्याकडे. म्हणाले, डोकं लावू नकोस, हात चालव.

हात चालवला. सगळ्यांत जलद माझा होता. चित्रात चेहरे दिसत नव्हते. वरून काढलेली, हेल्मेटं तेवढी दिसायची. बाई बसलेली, चौकट. बाई बसलेली, चौकट. दिवसाला किती काढल्या सांगता येणार नाही. साहेबांनी सगळ्यांपुढे माझं नाव घेतलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

महिनाभराने यंत्र स्वतः चौकटी काढायला लागलं.

मग गेटवर पडदा लावला. सुटीच्या वेळी दिवसातले रिकामे लोक त्यावर दाखवायचे. चित्र आणि खाली कार्डावरचं नाव. तीनदा आलं की कार्ड बंद, गेट उघडत नाही. पहिल्या दिवशी सगळे थांबून बघत होते, तमाशाला थांबतात तसे. साहेबही उभे होते. एकामागून एक पाणी मारणाऱ्या बायका येत होत्या. गोणपाटावर उकिडव्या, लाल चौकटीत.

त्यात आई आली. साडीवर अण्णांचा जुना निळा चौकड्यांचा शर्ट. खाली तिचं नाव.

साहेब तिच्याकडे वळून म्हणाले, "मावशी, बसायला पाट आणून देऊ? वर उशी ठेवू एक?"

सगळे हसले. मुकादम हसला. हसणाऱ्या ड्रायव्हरांत आमच्याच गावाकडचे होते. आईने पडद्याकडे बघितलं, मग खाली. मी दहा पावलांवर होते, स्टाफच्या घोळक्यात. माझ्या शेजारची मुलगी हसली. माझे ओठही हलले. हसल्यासारखे. आईने ते बघितलं की नाही, मी तिला कधी विचारलं नाही. विचारणारही नाही.

दुसऱ्या दिवशी मी जुनी चित्रं काढून बसले, यंत्राला शिकवायला दिलेली. निळा चौकड्यांचा शर्ट शोधला. सापडला. एकदा नाही, पुष्कळदा. प्रत्येकाभोवती चौकट, माझ्या हातची. त्या शर्टाची बटणं मी लावून दिली होती. आणि चौकट काढताना मला तो दिसला नव्हता.

तिथून ते सुरू झालं. आई नळावर भांडी घासायला बसली की तिच्याभोवती मला लाल रेघ दिसायची. भाकरी थापायला बसली की दिसायची. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेले. भर सकाळ. भाजीवाल्या, मिरच्यावाल्या, सुकी मासळी घेऊन बसलेल्या, ओळीने उकिडव्या बायका. प्रत्येकीभोवती चौकट. मी डोळे मिटले तर आत दिसल्या. काही न घेता परत आले. डॉक्टरला काय सांगणार होते? डोळ्यांना काही झालं नव्हतं.

दुसऱ्यांदा आई पडद्यावर आली तेव्हा घरी तिला विचारलं. बसतेस कशाला, उभी राहून पाणी मार ना. ती पाटीतले तांदूळ निवडत होती. बसून.

म्हणाली, "बसल्याशिवाय कळत नाही ग. उभं राहून वरचं पाणी दिसतंय. गोणपाटाखाली हात घातल्यावर कळतंय, कुठं वाळलंय ते. आणि मी बसलोया व्हय? मी काम करतोय."

आमच्या गावाकडे बायका असंच म्हणतात, मी करतोय, मी जातोय. शाळेत याच बोलण्यावर मुली हसायच्या. त्या दिवशी मला ते बोलणं पहिल्यांदा कानात नीट शिरलं.

पण बायका घाबरल्या होत्या. त्यांनी बसणं सोडलं. नळी हातात धरून दिवसभर उभ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत. यंत्राच्या लेखी सगळ्या हिरव्या, म्हणजे कामात. एकटी आई बसायची, तीही वाकून, उठून, पुन्हा वाकून, कॅमेऱ्याला चुकवत. पठारावर मार्चचं ऊन आणि समुद्राकडचा वारा. आणि एका सोमवारी पुलाच्या नव्या गाळ्यावर, दोन खांबांमधल्या ज्या भागावर आई नव्हती तिथे, गोणपाट काढलं तर खाली बारीक तडे. कोळ्याच्या जाळ्यासारखे, कडेपर्यंत.

पुलाचे थोरले इंजिनियर आले. साहेबांनी त्यांना सांगितलं, बायका कामचुकार आहेत, आमच्या पडद्यावर बघा.

त्याच दिवशी दुपारी आईची तिसरी चौकट माझ्यासमोर आली. गेल्या काही दिवसांपासून यंत्राने काढलेली प्रत्येक चौकट आधी माझ्याकडे तपासायला यायला लागली होती. मी 'बरोबर' दाबलं की ती गेटवर जायची. 'चूक' दाबलं की पुसली जायची. 'बरोबर' दाबलं असतं तर दुसऱ्या दिवशी आईला गेट उघडणार नव्हतं. आईची पुसून टाकणं एका बोटाचं काम होतं. कोणाला कळलं नसतं. बोट तिथवर गेलंही. मग वाटलं, आईची पुसून बाकीच्यांच्या ठेवल्या तर मी आणखी एकदा चोरून बसमधून जातेय.

सगळ्यांच्या पुसल्या. आतापर्यंतच्या, पाणी मारणाऱ्या प्रत्येक बाईच्या. पुसलेल्यांची नोंद यंत्रात राहायची; ती समोर ठेवून कागद घेतला आणि एका बाजूला गाळे लिहिले, दुसऱ्या बाजूला त्या त्या गाळ्यावर किती लाल चौकटी आल्या होत्या ते. तासाभराचं काम. कॉलेजात शिकलेलं होतं.

साहेब आले. पडदा कोरा बघून म्हणाले, कॅमेरा आंधळा झाला की तू? मी सांगितलं, मी पुसल्या. त्यांनी विचारलं, "कोण लागतात त्या तुझ्या?"

"एक माझी आई आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या कपड्यांकडे, गळ्यातल्या कार्डाकडे, मी बसले होते त्या खुर्चीकडे. खरंच न कळल्यासारखं म्हणाले, "मग तू इथे कशी?"

त्यांनी आवाज चढवला नव्हता. शिवीही नव्हती. आजवर मला घाटी म्हणणाऱ्यांपैकी कोणाचंच बोलणं इतकं खोल गेलं नाही.

"शिकून," मी म्हटलं.

कागद घेऊन मी त्यांच्या शेजारून बाहेर पडले आणि थोरल्या इंजिनियरांकडे गेले. ते तड्यांपाशीच उभे होते. मी म्हटलं, सर, ज्या गाळ्यांवर बायका बसल्या ते गाळे चांगले आहेत. तुम्ही बघून घ्या. ज्यावर एकही बसली नाही तो फुटला. चौकटी मी शिकवल्या आहेत. चुकीच्या शिकवल्या.

त्यांनी कागदावरचे आकडे एकेका गाळ्याशी ताडून बघितले. मग म्हणाले, त्यातली एक बाई बोलवा.

मी स्लॅबच्या कडेला गेले आणि हाक मारली. "आई." नळ्या धरलेल्या सगळ्या बायका वळल्या. मुकादमही. आई जागची हलली नाही. मी पुन्हा हाक मारली. तेव्हा आली, पदराला हात पुसत.

इंजिनियरांनी विचारलं, तुम्ही बसून काय करता? आईने हाताने या म्हणून खुणावलं. ती शेजारच्या गाळ्यावर गेली, उकिडवी बसली, गोणपाट उचललं आणि हात पालथा करून खाली सरकवला. त्यांनाही बसायला सांगितलं. ते बसले. शर्टाची बाही वर करून हात घातला. आईने त्यांचा हात मनगटाशी धरून वीतभर पुढे नेला. म्हणाली, "हितं गार लागतंय. आता हितं बघा." ते बघत राहिले. वर खांबावर कॅमेरा होता. माझ्या हातातल्या मोबाईलवर, नवी चौकट आली की वाजायचा तसा, आवाज आला. यंत्राने इंजिनियरांभोवती लाल चौकट काढली होती.

मी तो मोबाईल माझ्या मागोमाग आलेल्या साहेबांपुढे धरला. कोणी हसलं नाही.

आठवड्याभरात गेटवरचा पडदा काढला. यंत्राच्या यादीत तिसरा प्रकार घातला, बसून करायचं काम. त्याची चित्रं मी स्वतः केली, बायकांना शेजारी बसवून, एकेक विचारून. आईचं कार्ड चालू राहिलं. फुटलेला गाळा दुरुस्त झाला. आईची माफी कोणी मागितली नाही. माझं कंत्राट पावसाळ्यानंतर वाढवलं नाही. कारण विचारलं तर म्हणाले, कारण नसतं.

पण यंत्र विसरत नाही. यादी बदलली ती त्या एका साइटवर. मी आधी शिकवलेलं त्याच्याही आधी बाहेर गेलं होतं, दुसऱ्या रस्त्यांवर, दुसऱ्या पुलांवर. मला गावांची नावं माहीत नाहीत. तिथे आत्ताही कोणीतरी गोणपाटाखाली हात घालून बसली आहे आणि माझ्या हाताने तिच्याभोवती रेघ पडते आहे. आई म्हणते, झालं ते झालं. झालेलं नाही. चालू आहे. मला त्या चौकटी अजून दिसतात आणि त्या जाव्यात म्हणून मी काही उपाय करत नाही.

आता मी फोंड्याला दुसऱ्या ठिकाणी हेच काम करते. रुजू होताना एक अट लेखी घातली. चित्रातल्या माणसाला भेटल्याशिवाय, तो काय करतोय हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी चित्राला नाव देणार नाही. तिथले वरिष्ठ हसले, वेळ जाईल म्हणाले. मी म्हटलं, जाऊ दे. त्यांनी सही केली. माझ्या हाताखाली आता चार मुलीमुलगे आहेत आणि ती अट त्यांनाही लागू आहे. ज्या साइटवर ती मान्य होत नाही, तिथलं काम आम्ही परत पाठवतो.