मुळगावची तपासनीस

बायकोला हे ठाऊक नाही, मित्रांना नाही, आणि जिचा हक्क सगळ्यात मोठा त्या आत्याला तर नाहीच नाही. आज पहिल्यांदा तोंड उघडतोय. ऐकताना हसू आलं तर खुशाल हसा, मलाही येतं. पण सगळंच काही हसण्यासारखं नाही त्यात.

माझी नोकरी म्हापशाला, घर धारगळला, आणि रविवारी सकाळी एक छंद. फुकट वाटलं जाणारं एक छोटंसं सॉफ्टवेअर आहे. भजनं, ओव्या, काय हवं ते टाइप करा, ते नीट वहीसारखं छापून देतं. लिहिलंय दूरदेशीच्या कुणा भल्या माणसाने. पण ते चालतं लिनक्सवर, म्हणजे संगणक चालवणाऱ्या एका फुकट प्रणालीवर, आणि तिच्या डिस्ट्रो अनेक — म्हणजे वेगवेगळ्या मंडळींनी आपापल्या परीने मांडलेले लिनक्सचे संसार. एकाला फायली इथे हव्यात, दुसऱ्याला तिथे. तेच सॉफ्टवेअर प्रत्येकाच्या हट्टाप्रमाणे बांधून द्यायचं, म्हणजे त्याचं पॅकेज करायचं, हे माझं काम. पगार शून्य, आनंद मात्र पोटभर! पॅकेज पहिल्या झटक्यात उभं राहिलं की मी घरभर शीळ घालत फिरतो.

त्यातल्या एका डिस्ट्रोचा नियम असा — बांधणाऱ्याने स्वतःच ‘ठीक आहे’ म्हणायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी ते आपल्या संगणकावर चालवून बघायचं, तसं लिहायचं, मगच ते लोकांपर्यंत जाणार. नियम चांगलाच आहे. पण आमच्या एवढ्याशा सॉफ्टवेअरला तपासनीस आणायचा कुठून? पॅकेज आठवडेच्या आठवडे पडून राही आणि मी चडफडत बसे.

आणि मग — कसं सांगू? — मी एक तपासनीस तयार केली. सुमनआत्याच्या नावाने खातं उघडलं.

सुमनआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण, मुळगावला राहते. खाणीच्या वजनकाट्यावर कारकून होती, आता निवृत्त होऊन बायकांचं भजनी मंडळ चालवते. तिचंच नाव का? खरं माणूस हवं होतं, आणि तिला कधी कळणार नाही अशी खात्री होती म्हणून. पत्तासुद्धा तिचाच दिला. मी पॅकेज बांधायचो, चहा घ्यायचो, आणि आत्या होऊन लिहायचो, ‘तपासलं. छान चालतं.’ अशी सहा वर्षं. लाज नाही वाटली? पहिल्या वेळी वाटली. पुढे पुढे तर मी तिच्या नावाने विनोदही करू लागलो, आणि लोकांना ती आवडू लागली.

इतकी आवडली, की गेल्या वर्षी त्या डिस्ट्रोच्या मंडळींनी आभार म्हणून थेट मुळगावला पार्सलने एक शर्ट पाठवला. आत्याचा फोन — “अरे, माका खंयच्यान तरी खमीस आयलां! हांवें कितें केलां रे?” आपण असं काय केलं, हेच तिला कळेना.

धावत गेलो. तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? मी म्हणालो, तपासनीस म्हणून तुझं नाव नुकतंच दिलंय, त्यांनी आभार आगाऊच मानले. म्हणजे आणखी एक खोटं. आत्या इतकी खूश झाली, की तो शर्ट साडीवर चढवून देवळात भजनाला गेली आणि पाठीवरचं चित्र सगळ्या वाड्याला दाखवून आली. परत येऊन म्हणाली, आभार घेतले, आता काम नको करायला? दाखव काय तपासायचं ते.

मंडळाची अख्खी वही छापून ती चष्मा लावून बसली, आणि अर्ध्या तासात तिने चूक पकडली. प्रत्येक पानावरची शेवटची ओळ गायब! एका पानावर एक अभंग, आणि संत आपलं नाव घालतो नेमकी तीच ओळ. दोन वर्षांपूर्वी कागदाची बचत व्हावी म्हणून खालचं मार्जिन मीच कमी केलं होतं, आणि साधे प्रिंटर तितक्या खाली छापत नाहीत. मी एकदाही छापून बघितलं नव्हतं.

“हें पास कोणें केलां?” आत्याने चष्म्यावरून बघत विचारलं. “सय कोणाची? वजनाचो आकडो दोळ्यांनी पळयल्याबगर हांवें एकूय ट्रक गेटीभायर सोडलो ना.”

“आसतलो कोण तरी,” मी म्हणालो.

सही तिची होती.

तिने सांगितलं तसं मी तिच्या खात्यातून लिहिलं, या वेळी खरंखुरं, आणि दुरुस्ती झाली. तेव्हापासून आत्याच तपासते. चार-चार दिवस लावते, “चलना”, म्हणजे चालत नाही, म्हणून तोंडावर परत करते. मी धारगळहून मुळगावला खेपा घालतो, तिची बोलणी खातो आणि परतताना गाडीवर गात येतो. पहिल्या सहा वर्षांत असा आनंद मला एकदाही झाला नव्हता, देवाशपथ.

पण शेवटच्या ओळींच्या त्या तक्रारीला उत्तर आलं होतं. ते मी आत्याला मराठीत वाचून दाखवलं — तुमची नजर तेज आहे, तुमच्यामुळे ओळी परत आल्या, आभार. ती लाजून हसली, आणि शेजारणीला ऐकवायला पुन्हा वाच म्हणाली. मी पुन्हा वाचलं.

उत्तरात मध्ये आणखी एक वाक्य होतं. ‘दोन वर्षांपूर्वी तुम्हीच हे तपासून बरोबर म्हटलं होतं, आपली चूक अशी सगळ्यांसमोर मान्य करणारी माणसं आमच्यात फार थोडी आहेत.’

ते वाक्य मी दोन्ही वेळा गाळलं.