वन्संचं कुंकू

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंडईत गवार निवडत होते. सकाळी निघताना अंथरुणातूनच त्या म्हणाल्या होत्या, "कोवळी बघून आण हो नलू. मागच्या वेळी दोरखंड आणलंस." मी हसत निघाले होते… गवार तिथेच राहिली.

वन्सं माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. ऐन तिशीत त्यांचे यजमान गेले आणि त्या आमच्याकडे राहायला आल्या. संक्रांतीला घरी हळदीकुंकू असलं की दुपारीच त्या बाहेर पडायच्या, बायकांना अवघडायला नको म्हणून. कुठे जायच्या, मी कधी विचारलं नाही. पुढे माझे यजमान गेले. वर्षश्राद्ध झाल्यावरच्या संक्रांतीला सुनेने हळदीकुंकू केलं आणि मी स्वयंपाकघरात मटार सोलत बसले. वन्सं आत आल्या. "बायका जाईपर्यंत सोलणार का? चल, चप्पल घाल."

त्यांनी मला ओस पडलेल्या सरकारी क्वार्टर्समध्ये नेलं. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "आजी, आत कोणी राहत नाय."

"म्हणून तर आलो. कोणी असतं तर त्यांना चहा टाकावा लागला असता."

तो हसला आणि बाजूला झाला. आत गुडघाभर गवत होतं. खोल्यांना दारं नव्हती, तरी वन्संनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. भिंतीवर कॅलेंडरच्या जागी फिकट चौकोन उरला होता. त्या मोबाइल हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. "थांब, ऊन अजून आतल्या खोलीत पोचलं नाही." ऊन सावकाश आत आलं, एखादी पाहुणी यावी तसं… मग त्यांनी फोटो काढला.

नंतर आम्ही पुष्कळ ठिकाणी गेलो. एका बंद थिएटरात खुर्च्यांवर पारवे बसले होते, जणू सिनेमा सुरू व्हायचा होता. मार्केट यार्डामागच्या रिकाम्या गोदामात गुळाचा वास अजून होता. मी चारचौघांत बोलायला बिचकते. तिथे बोलावंच लागत नसे.

एकदा एका पडक्या घरात चुलीवरच्या भिंतीला कुणीतरी ओढलेली कुंकवाची बोटं दिसली. वन्संनी फोटो काढला नाही. हळूच म्हणाल्या, "नलू, मला लाव." मी भिंतीवर बोट घासून त्यांच्या कपाळाला टेकवलं.

"बरं दिसतंय का गं?"

"छान दिसतंय, वन्सं."

तासभर त्या तशाच त्या खोल्यांतून हिंडल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मात्र त्यांनी पदराने कपाळ पुसलं.

शेवटची आंघोळ घातल्यावर मी देव्हाऱ्यातला करंडा घेऊन आले. चुलत सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्यांना कुंकू नसतं लावायचं."

"मी लावणार," मी म्हटलं. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. करंडा उघडला आणि त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. या वेळी पुसायला गल्लीचं तोंड येणार नव्हतं…

तेव्हापासून करंडा वन्संच्या खोलीत खिडकीत असतो. परवा शेजारच्या माई भेटायला आल्या. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. आम्ही वन्संच्या पलंगावर बसून बोललो. निघताना माईंची नजर खिडकीकडे गेली. त्या दारातून मागे फिरल्या, आणि त्यांनी कपाळ पुढे केलं.