डुकराची जीभ

"तुमच्या मुलीच्या अंगात अळ्या आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पोटात होत्या, आता तिथून निघून मांसात शिरल्यात. पोटऱ्यांच्या, जबड्याच्या, डोळ्यांभोवतीच्या मांसात."

मुंबईच्या लॅबमधून रिपोर्ट आला होता. आजाराचं नाव ट्रिकिनेलोसिस. म्हणजे काय, तर रानडुकरासारख्या जनावराच्या मांसात डोळ्याला न दिसणाऱ्या अळ्या असतात. मांस पुरतं शिजवलं तर त्या मरतात. अर्धंकच्चं खाल्लं तर त्या पोटात वाढतात, पिल्लं घालतात, आणि ती पिल्लं रक्तातून अंगभर जाऊन स्नायूंत घर करतात. स्नायू म्हणजे आपलं मांसच. हृदयसुद्धा स्नायूच आहे, हे मला रत्नागिरीच्या त्या वॉर्डात कळलं.

माझे सासरे, तात्या, खाटेच्या पायथ्याशी उभे राहून फरशीकडे बघत होते. सासूबाई पिशवीतून कायतरी शोधत होत्या. श्रावणी, माझी सहा वर्षांची मुलगी, सुजलेल्या पापण्यांच्या फटीतून माझ्याकडे बघत होती.

ज्यांच्या घरी पारधीचं, म्हणजे शिकारीचं मांस येतं आणि पोरांच्या ताटात पडतं, त्या आयांसाठी मी हे लिहितेय. गोड लिहिणार नाही. ज्यांना वाईट वाटेल त्यांनी वाटून घ्यावं.

माझं माहेर दाभोळचं, सासर देवरूखच्या वरच्या अंगाला, डोंगरात. नवरा मुंबईत कंपनीत आहे. भावाच्या साखरपुड्याला मी माहेरी गेले, श्रावणीला शाळा होती म्हणून तिला सासूबाईंकडे ठेवलं. परत आले तेव्हा पोरीला जुलाब लागले होते. "उन्हातान्हात खेळली, बाधलं असेल," सासूबाई म्हणाल्या आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

जुलाब थांबले, मग ताप चढला. गावातल्या डॉक्टरांनी टायफॉइड धरून औषध दिलं. ताप उतरेना. एका सकाळी उठली तर पापण्या इतक्या फुगलेल्या की डोळे उघडत नव्हते. देवरूखला नेलं. तिथले म्हणाले, किडनीची सूज असेल. लघवी तपासली, लघवी चांगली. तोवर तिला उकिडवं बसता येईना. पोटरीला हात लावला की किंचाळायची. भात चावताना जबडा दुखायचा म्हणून पेज पाजत होते. शेवटी रत्नागिरी गाठली.

तिथल्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं. इओसिनोफिल नावाच्या पेशी असतात, पांढऱ्या पेशींतला एक प्रकार, त्या जंतांनी किंवा अॅलर्जीनं वाढतात. श्रावणीच्या बेसुमार वाढलेल्या होत्या. मग ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. तोही जरा बिघडलेला निघाला.

"हिनं गेल्या महिन्यात काय वेगळं खाल्लं?" बाईंनी विचारलं. "डुक्कर, ससा, कुठलंही रानातलं मांस?"

तात्या म्हणाले, "नाय ओ. कोंबडी खाल्ली आमच्यासंगती. घरची कोंबडी."

मी तिथे नव्हते, मला काय ठाऊक? मीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पुन्हा विचारलं, आणि या वेळी म्हणाल्या, "हे बघा, मी पोलीस नाही आणि फॉरेस्टवाली पण नाही. मला फक्त औषध ठरवायचंय." तात्यांनी पुन्हा कोंबडीच सांगितली. सासूबाईंनी वर देवाची शपथ घेतली. देवाला बिचाऱ्याला असल्या कामाला जुंपतात ही माणसं.

मग बाईंनी मला बाहेर नेलं. बाकी काही सापडत नाही, त्यामुळे रक्ताचा कॅन्सर तर नाही ना हे बघावं लागेल, म्हणाल्या. त्यासाठी बोन मॅरो. कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढतात आणि तपासतात. कॅन्सर हा शब्द ऐकला आणि मी मोबाइल काढला. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "तात्यांना विचारून कर काय ते." तेव्हा मला वाटलं, बिचारा घाबरलाय. तो घाबरला होताच, पण वेगळ्याच कशाला. तात्यांचा त्याला आधीच फोन गेला होता.

सुईची तयारी झाली. नर्स श्रावणीला कुशीवर वळवायला आली. तात्या तिथेच उभे होते. हाडात सुई जाणार हे त्यांना कळत होतं, तरी तोंडातून शब्द फुटला नाही.

श्रावणी अडखळत बोलते. पहिल्या अक्षरावर अडकते, मान हलवते, मग शब्द सुटतो. अनोळखी माणसासमोर तर बोलतच नाही. तिनं बाईंच्या कोटाची बाही धरली.

"जी... जी... जीभ," ती म्हणाली. "ड... डुकराची. आजीनं दि... दिली."

आमच्या गावात पारधीत डुक्कर पडलं की घरटी वाटे पडतात. रस्सा सगळ्यांनी खाल्ला होता, तो रटरटून शिजला होता, म्हणून कुणाला काही झालं नाही. पण जिभेची रीत निराळी. जे पोर बोलायला अडखळतं त्याच्यासाठी ती मागून घेतात. निखाऱ्यावर नुसती दाखवायची, वरचं रक्त सुकेपर्यंत. जास्त भाजली तर गुण जातो. आणि देताना पोराची आई घरात नसावी, आईच्या नजरेनं गुण उतरतो. म्हणजे माझ्या भावाचा साखरपुडा यांना पर्वणीच वाटला.

डॉक्टरबाईंनी सुई तिथल्या तिथे थांबवली. म्हणाल्या, या अळ्या जनावराच्या जिभेतच सगळ्यात जास्त असतात. त्याच दिवशी औषध सुरू झालं. अल्बेंडाझोल, म्हणजे जंतांचं औषध, आणि स्टेरॉइड, म्हणजे सूज उतरवणारं. रक्त मुंबईला पाठवलं. त्याचाच रिपोर्ट मी सुरुवातीला सांगितला.

वऱ्हांड्यात मी तात्यांना विचारलं, का नाही सांगितलंत?

"केस झाली असती," ते म्हणाले. "डुक्कर मारणं गुन्हा हाय. अख्खा गाव आत गेला असता."

"आणि पोर गेली असती तर?"

"त्ये काय ठरवून झालं काय?" असं म्हणून चहा प्यायला गेले.

सासूबाईंचं तर वेगळंच. "आमच्या सासूनं तुझ्या नवऱ्याला दिलीन, तेव्हा तो बोलायला लागला. तुम्ही दर्यावरची, तुम्हाला रानातलं काय कळतं गो?" बरोबर आहे. आम्ही दर्यावरची माणसं. आमच्याकडे मासा जरा नरमला तर मांजराला टाकतात, पोराला नाही. आणि नवरा पारधीचं सगळं जाणून होता, फोनवर गप्प बसला. घरादाराची अळीमिळी गुपचिळी, आणि भोगायचं पोरीनं.

डुकरं आमचं भात उपटतात, नाचणी तुडवतात, ते मी बघितलंय. शेतकऱ्याचा राग मला कळतो. पण राग डुकराचा आणि जीभ पोराच्या तोंडात, हे कुठलं शहाणपण? बापजाद्यांनी खाल्लं म्हणता. बापजाद्यांची किती पोरं तापानं गेली आणि आपण देवीचा कोप म्हणालो, ते कोण सांगणार? तेव्हा रक्त कोण तपासत होतं?

मी डॉक्टरबाईंना विचारलं, फ्रीजमध्ये ठेवलं तर? म्हणाल्या, रानटी जनावराच्या मांसात थंडीनं अळ्या मरतीलच असं नाही. खारवून, धुरावर वाळवूनही भरवसा नाही. आतपर्यंत शिजायला हवं, कुठेही लाल राहता कामा नये. शिवाय बंदुकीच्या छऱ्याचं शिसं मांसात राहतं, ते मुलांच्या मेंदूला वाईट. "मुलांना देऊच नका," म्हणाल्या. मीही तेच सांगते. आणि दिलंच असेल, तर डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा. तुमची अब्रू, तुमची केस, तुमचा गाव, सगळं नंतर.

ताप उतरला. डोळे उघडले. ईसीजी सुधारला. काही अळ्या मांसातच राहतील, त्यांच्याभोवती कवच होईल, बहुतेक काही त्रास होणार नाही, असं बाई म्हणाल्या. तो 'बहुतेक' मी घरी घेऊन आले. महिनाभर श्रावणी धरून धरून चालत होती, आता धावते.

नवरा आला, दारात रडला. रडू दिलं. जेवायला वाढलं.

मग गावात काय पसरलं, माहितेय? की जिभेनं गुण दिला. श्रावणी एवढ्या मोठ्या डॉक्टरसमोर बोलली, म्हणजे जीभ सुटली. सासूबाईच सांगत फिरत होत्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

परवा वरच्या वाडीतली एक बाई कडेवर नातू घेऊन आली. पोरगा तीन वर्षांचा, अजून बोलत नाही. सासूबाईंनी चहा दिला आणि सुरू झाल्या. पुढच्या पारधीला मी सांगून ठेवते, जीभ तुलाच. त्याच्या आईला तेवढी माहेरी धाड.

मी आतून आले. श्रावणीला पुढे घेतलं आणि म्हटलं, "तूच सांग काकूला."

वेळ लागला. ती मान हलवत राहिली, ओठ थरथरत राहिले. आम्ही तिघी बायका थांबलो. मधे बोलायला गेलेल्या सासूबाईंना मी हातानं थांबवलं.

"बा... बाळाला न... नको दे... देऊ," श्रावणी म्हणाली. "लय दु... दुखतं."

त्या बाईनं एकदा माझ्या पोरीकडे बघितलं, एकदा सासूबाईंकडे. कप तसाच ठेवला, नातवाला उचललं आणि गेली.

श्रावणी अडखळते. अडखळू दे. त्या वॉर्डात घडाघडा बोलता येणारी चार माणसं होती आणि खरं तेवढं तिनंच सांगितलं. डॉक्टरबाईंचे उपकार आहेतच, पण माझी पोर वाचली ती तिच्या स्वतःच्या बोलण्यानं.

सासूबाई परवापासून माझ्याशी बोलत नाहीत. मला चालतं.