खंडेनवमीला मी इंजिन घासलं

बायांनो, आज माझ्या हातानं लई वाईट झालं.

खंडेनवमी म्हणून विळा, खुरपं, शिलाई मशीन घासूनपुसून पूजेला मांडलं. आमच्या मालकाचं खेळण्यातलं रेल्वेचं इंजिनबी मळकं दिसलं. तेबी रॉकेलनं घासून लख्ख केलं.

मालक म्हणले, "काहून घासलं?"

"मग काय गंजकं मांडू पूजेला?"

"गंज नव्हता गं तो. रंग होता."

सासरे रेल्वेत कोळशाच्या इंजिनावर होते. त्यांचं इंजिन दिसायचं तसंच दिसावं म्हणून ह्यांनी चार महिने बारीक ब्रशनं गंज, काजळी, तेलाचे ओघळ रंगवले होते. मला वाटायचं, रिकामा उद्योग. कधी जवळ जाऊन बघितलंच न्हाई.

औंदा ह्यांना लकवा झाला. उजवा हात उचलत न्हाई.

मी म्हणलं, "तुमी सांगा, मी रंगवते."

"राहू दे. सणाला नवं दिसून राहिलं," म्हणले, आन् डाव्या हातानं त्याला कुंकू लावलं.

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. आपला माणूस समोर बसून काय करून राहिला, हे तुमी तरी विचारता का घरी?