निळ्या कार्डाची जिजी

जिजीला कापड दाखवायच्या आधी आवाज दाखवावा लागायचा. दुकानदाराचा आवाज. आणि तो दाखवायचं काम माझ्याकडं होतं.

ताडकळसला विहाराच्या मागच्या गल्लीत जिजीचं आणि आमचं घर शेजारी शेजारी, मधी एक कुडाची भिंत. मला तोंड फुटलं तेव्हापासून मी दुसऱ्याच्याच आवाजात बोलत आलोय. मास्तर, कंडक्टर, लाऊडस्पीकरवरचा पुढारी, आमची म्हैस. म्हैस सगळ्यात बेस जमायची, कारण ती ऐकून तक्रार करायची नाही. गल्ली हसायची, आई धपाटा घालायची. जिजी तेवढी हसायची नाही. भाकरी थापता थापता ऐकायची आणि म्हणायची, "राघू, आता कामाचं काढ. त्यो गुलाबी कार्डवाला वसुलीला आल्यावर कसा बोलतो?"

हे कार्डाचं सांगितलं पाहिजे. आमच्या गल्लीत रोखीनं कापड घेणारं घर शोधून सापडलं नसतं. बाजारात तीन कापडदुकानं होती आणि तिन्हींचं आपापलं कार्ड. पुठ्ठ्याचा तुकडा, वर नाव, खाली चौकोन. बाजाराच्या दिवशी हप्ता दिला की दुकानदार एका चौकोनावर फुली मारायचा. एक कार्ड गुलाबी, एक पिवळं, एक निळं. गुलाबीवर लोक जायचे ते टेरिलीनसाठी, कारण तिथं नवा माल आधी यायचा. पिवळ्याला पहिला हप्ता लागायचा नाही, वर लग्नसराईत ब्लाउजपीस फुकट. त्या ब्लाउजपीसपायी माझ्या आईनं जन्मभर पिवळं कार्ड सांभाळलं.

जिजीकडं निळं. निळ्या दुकानात रंग मोजके, त्यातले निम्मे खाकी, आणि भाव वारामागं थोडा चढाच.

"जिजे, त्या दुकानात तुला काय दिसतंय गं?" आई चिडवायची. "तिथले उंदीरबी खाकी हायत."

"देताना सगळेच गोड बोलतेत," जिजी म्हणायची. "मागताना कसा बोलतो ते बघावं."

हे तिचं ठरलेलं वाक्य. गल्लीतल्या कुठल्याही बाईला कार्ड काढायचं असलं की ती जिजीकडं यायची आणि जिजी मला हाक मारायची. मग चुलीपुढं माझा खेळ. गुलाबीवाल्याचा आवाज नाकातून काढायचा. त्याच्या दुकानात आमच्या गल्लीच्या बायका पायरीवर उभ्या, आणि कापड आतून भिरकावलेलं. "हात लावू नका, आधी घेणार का ते सांगा!" जिजी म्हणायची, "झालं. म्होरचं काढ." पिवळ्याचा वसुलीवाला गल्लीच्या तोंडापासून घंटी बडवत, नावं घेत यायचा. त्याची सायकल दिसली की आई कणगीमागं जायची आणि मी दारात जाऊन बहिणीच्या आवाजात सांगायचो, "आई रानात गेलीया." एकदा तो म्हणाला, "मग कणगीला पाय कामून फुटलेत?"

आणि निळ्याचे चाचा. अंगानं जाड, दम्यानं खोकणारे. खोकला म्हणजे विहिरीवरचं इंजिन चालू होताना करतं तसा. त्यांच्या दुकानात एकच लांब गादी आणि जो येईल तो त्या गादीवर. जिजी पहिल्यांदा गेली तेव्हा खालीच उभी राहिली, तर चाचांनी कापडाला हातच लावला नाही. "पहले बैठो. उभ्या माणसाला मी माल दाखवत न्हाई." वसुलीला स्वतः यायचे, सायकल ढकलत. दारात थांबून पाणी मागायचे आणि विचारायचे, "क्या जिजी, घरी सगळी खैरियत हाय ना?" बस. तीच त्यांची वसुली. असले पैसे तर जिजी द्यायची, नसले तर म्हणायची, "म्होरच्या बाजारी." चाचा पाणी पिऊन जायचे. शेजारच्या घराला वाटावं, पाहुणाच येऊन गेला.

"ह्याचं निळं घे," जिजी त्या बाईला सांगायची. "रंगाचं काय, धुतल्यावर सगळे सारखेच व्हतेत."

जिजीची लेक सुमन मॅट्रिक पास झाली आणि तिला परभणीला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जागा मिळाली. आमच्या गल्लीतून तोवर कुणी मुलगी एवढ्या लांब शिकायला गेली नव्हती. राहायचं कुठं? परभणीत जिजीच्या मावसबहिणीचं घर होतं. तिचे मालक कचेरीत कारकून, आम्ही सगळे त्यांना दाजी म्हणायचो. दोन वर्षं पोर ठेवून घ्यायची की नाही, ते घर बघून ठरवायला दाजी येणार होते. त्यांनी नाही म्हटलं तर ट्रेनिंग संपलं. म्हणून जिजीनं निळ्या कार्डावर सुमनला दोन साड्या घेतल्या. आणि नेमकं त्याच हंगामात कापसाचं जिनिंग लवकर बंद पडलं. जिजीचा नवरा तिथं हमाल होता. तो घरी बसला, हप्ते थकले. त्यात चाचांचे गुडघे गेले आणि वसुलीला त्यांचा भाचा यायला लागला. नांदेडकडचा, नवा, आणि आवाज असा की कोंबड्या खुराड्यात जाव्यात.

दाजी आले. खाटेवर बसले. भिंती बघितल्या, पत्रे बघितले, सुमनला चार प्रश्न विचारले. ती नवी साडी सावरत उत्तरं देत होती. मी आत चुलीपाशी, चहाच्या नावाखाली साखर खात.

दाजींनी घसा साफ केला. "जिजी, राग नका मानू. उधारी-बिधारी काय हाय का? दोन वर्षांचा मामला हाय, इचारलेलं बरं."

जिजीनं तोंड उघडलं, तेवढ्यात दारात सायकल आदळली.

"निळं कार्ड कुणाचं हाय हितं? किती बाजार झाले, हप्ता—"

जिजी मधल्या दारात उभी होती. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. बोलली काही नाही. नुसतं बघितलं.

मी आधी खोकलो. इंजिन चालू केलं चांगलं. मग चाचा काढले, "कौन है रे? दारात खडे रहके क्या चिल्लाता? पानी पी, खैरियत पूछ और निकल!"

"मामू?" भाच्याचा आवाज उंदराएवढा झाला. "तुमी हितं?... सलाम मामू... बाई, घरी सगळी खैरियत हाय ना?"

"हाय बाबा," जिजी म्हणाली. "पाणी घे."

तो पाणी प्याला आणि घंटी वाजू नये म्हणून तिच्यावर हात ठेवून सायकल ढकलत गेला.

"आत कोण हाय?" दाजींनी विचारलं.

"शेजारचं पोरगं हाय. च्या करायलंय."

"आन् त्यो खोकला?"

"त्योबी त्याचाच."

मला वाटलं, झालं, आता सगळं चुलीत. पण जिजी खाली बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, "तुमी इचारलं ना दाजी. हाय उधारी. पोरीच्या अंगावरची साडी कार्डावरची हाय. जिनिंग बंद पडलं, हप्ते थकलेत. देणार हाय मी. हे मीच सांगणार व्हते. पर माझ्या तोंडानं. दुसऱ्यानं दारात वरडून न्हाई."

दाजींनी कप उचलला. चहा प्याले. चहात साखर नव्हती, ती माझ्या पोटात होती, पण त्यांनी तोंड वाकडं केलं नाही.

"कार्ड कुणाचं म्हणालात?"

"निळं."

"म्हंजी चाचाचं." दाजी पहिल्यांदा हसले. "ल्हानपणी आमी हितंच व्हतो. माझी शाळेची पहिली चड्डी त्यांच्या दुकानातली. खाकी. माझ्या बापालाबी ते खैरियतच इचारायचे." त्यांनी कप खाली ठेवला. "सोमवारी पाठवा पोरीला. आन् त्या पोराच्या खोकल्याला कायतरी औषध बघा."

सुमन आत आली आणि चुलीपुढं बसून तोंडात पदर कोंबून हसायला लागली. हसता हसता रडली. जिजीनं गच्च भरलेला तांब्या उचलला आणि उभ्यानं रिकामा केला.

पुढच्या बाजारी तिनं मला धरूनच चाचांकडं नेलं आणि झालेलं सगळं सांगितलं. चाचा खरा खोकला येईपर्यंत हसले. मग एकदम थांबले. "भांजा काय बोलला दारात? काढ रे आवाज." मी काढला. चाचा मान खाली घालून ऐकत राहिले. भाचा गजाची पट्टी हातात धरून कोपऱ्यात उभा.

"इसको सिखाव," चाचा मला म्हणाले.

म्हणून काही दिवस संध्याकाळी मी त्या भाच्याची शिकवणी घेतली. मी शिकवायचो, जिजी भाकरी थापत परीक्षा घ्यायची. तो दारात उभा राहून म्हणायचा, "बाई, घरी सगळी खैरियत हाय ना?" जिजी मान हलवायची. "न्हाई. अजून पैसे ऐकू यायलेत." परत सायकल, परत दार. शेवटी एकदा तिनं तव्यावरून नजर न काढता उत्तर दिलं, "हाय बाबा, बस. भाकर खाऊन जा." पोरगा पास झाला. मला फी म्हणून पॅन्टपीस मिळाला. रंग सांगायला नको.

हप्ते फिटले. सुमन ट्रेनिंग करून आली आणि तिला जिंतूरकडं शाळा मिळाली. जिजीचं सगळं घर तिच्याकडं निघालं. यष्टी लागली तेव्हा मी सामान टपावर चढवलं. ट्रंक, गाठोडी, परात. जिजी खिडकीत बसली होती. आई खाली उभी, डोळे पुसत, पिवळ्याच्या फुकट ब्लाउजात.

"राघू," जिजी म्हणाली, "तू आख्ख्या गावाचा आवाज काढला. माझा कवा काढला न्हाईस रे."

"काढू का?"

"काढ की. मागताना मी कशी बोलते ते काढ."

मी तोंड उघडलं. माझ्याकडं तिची हाक होती, आईला चिडवणं होतं, भाच्याला नापास करणं होतं. मागणं कुठंच सापडेना. चांगला हुडकत उभा राहिलो. तिनं एकदाच मागितलं होतं, मधल्या दारात, आणि त्याला आवाज नव्हता.

"येत न्हाई जिजे," मी म्हणालो.

"न्हाई येत?" ती खिडकीच्या गजावर हात ठेवून खदखदून हसली. एवढ्या वर्षांत माझ्या खेळाला ती पहिल्यांदा हसली. "बरं झालं बाबा."

कंडक्टरनं घंटी मारली. खिडकी पुढं सरकली तरी मला तिचं हसणं ऐकू येत होतं. ते मात्र मला जमतं.