गवळणीचं इन्स्पेक्शन

माझे सासरे हिंदुराव महाळुंग्याच्या एका गिअर कारखान्यात आयुष्यभर इन्स्पेक्शनला होते. आता ते रिटायर आहेत, पण हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. पानात पोळी पडली की आधी ती उलटून बघतात. सासूबाईंची पोळी पास होते, माझी रिवर्कला जाते. मी तीच पोळी थोड्या वेळानं पुन्हा वाढते आणि ती मुकाट्यानं पास होते.

रावेतच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा सीडींची तीन खोकी सोबत आली. भजनं, भारुडं, नाट्यगीतं. ठेवायला कपाट नव्हतं. "सगळं कॉम्प्युटरवर घ्या ना बाबा," असं माझा नवरा दिग्विजय सहज बोलून गेला, आणि मामंजींना जणू पुन्हा कंपनीतून बोलावणं आलं. डायनिंग टेबलावर मऊ फडकं आणि दोन ट्रे आले. आम्ही जेवायला खाली बसू लागलो. डिस्क पुसायची, कॉम्प्युटरवर उतरवायची, पडद्यावर उमटलेला आवाजाचा आलेख तपासायचा. खोकला, कुकरची शिट्टी, जे जागेवर नसेल ते कापायचं. गाण्याच्या मागेपुढे उरेल त्याला ते 'बर' म्हणायचे, म्हणजे लोखंड कापल्यावर कडेला राहतात ती कुसं. बर घासल्याशिवाय माल पुढे जात नाही. गंमत म्हणजे हे सगळं ते डोळ्यांनी करायचे. ऐकत बसायला वेळ होता कुणाला?

सासूबाईंना, म्हणजे इंदुताईंना, त्या ढिगातली एकच डिस्क हवी होती. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर त्यांचा गळा बसला तो बसलाच. त्याआधी, कॉलेजात असताना, दिग्विजयनं घरात माइक लावून त्यांची एक गवळण रेकॉर्ड केली होती. मला वाटलं, त्यांना आपला जुना आवाज ऐकायचा असेल. एकदा मेथी निवडताना त्या हळूच म्हणाल्या, "गाण्याचं एवढं काही नाही गं. शेवटी आत्याबाई बोलल्यात." आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, चिमाबाई, आता त्या नाहीत. त्यांनी या सुनेचं उभ्या जन्मात एकदाच कौतुक केलं, आणि तेही नेमकं माइक चालू असताना. "यांना सांगू नकोस, हसतील," असंही मला बजावलं. मी गप्प बसले.

गुरुवारी मामंजींनी जाहीर केलं, "इंदे, तुझी गवळण झाली बघ. एकदम क्लीन."

आम्ही सगळे जमलो. आवाज इतका मोकळा होता की मला सासूबाईंकडे बघवेना. गाणं संपलं. त्या पदर सावरून पुढे सरकल्या. पुढे काहीच आलं नाही.

"ह्याच्या पुढचं?" त्यांनी विचारलं.

"पुढं काय? खुर्ची सरकल्यासारखं काहीतरी दिसत होतं. काढलं."

"दिसत होतं? बाबा, तुम्ही ऐकलं नाही?" मी म्हणाले. सासऱ्यांशी असा आवाज चढवू नये हे मला माहीत आहे, पण तो उतरवायची मला मुळीच इच्छा नव्हती. "आजी बोलत होत्या तिथे."

मामंजी उठले आणि ट्रेमधून ती डिस्क घेऊन आले. कारखान्यात बाद मालावर ग्राइंडर फिरवतात, म्हणजे तो चुकून पुन्हा लाइनवर येत नाही. त्याच शिस्तीनं, काम झालेल्या प्रत्येक डिस्कच्या चकचकीत बाजूवर त्यांनी टोच्यानं फुली मारली होती. कॉम्प्युटरवरची न कापलेली फाइलही पुसून टाकलेली. सासूबाई उठून गॅसपाशी जाऊन उभ्या राहिल्या. गॅसवर काहीच नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

दिग्विजयनं ती फुलीवाली डिस्क कॉम्प्युटरमध्ये घातली. बराच वेळ आत नुसती घरघर. मग गवळण अडखळत सुरू झाली, तशा सासूबाई परत येऊन बसल्या. गाणं ठेचकाळत संपलं, आणि खरखरीतून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला, "ग्वाड म्हनलीस गं पोरी." मध्ये थोडं तुटलं. "हिंद्या कामावनं आला की त्येला बी ऐकव."

मामंजी सासूबाईंकडे बघत राहिले. "तू कधी ऐकवलं न्हाईस."

"सेकंड शिफ्ट करून यायचात. जेवलात की झोपायचात," सासूबाई म्हणाल्या. "मग राहूनच गेलं."

दिग्विजय ती खरखर साफ करायला निघाला होता. मामंजींनी त्याचा हात धरला. "पहिल्यापासनं लाव," म्हणाले. मग चष्मा काढून, पडद्याकडे पाठ करून, ते सासूबाईंच्या शेजारी बसले आणि त्यांनी बायकोचं सबंध गाणं ऐकलं.